उतारावरचा आवर

मराठी भाषेने आयुष्याच्या अखेरच्या टप्प्याला ‘उतारवय’ असा शब्द दिला आहे. या शब्दात एक गृहीत दडलेले आहे. चढ हा कष्टाचा आणि उतार हा आपोआप घडणारा, असे ते गृहीत. गड उतरून आलेल्यांचे गुडघे याविरुद्ध साक्ष देतात. पण भाषा गुडघ्यांचे ऐकत नाही. साठी ओलांडल्यानंतर मला हा शब्द निरखून पाहावासा वाटू लागला, आणि त्याचा अर्थ कोणत्याही काव्यग्रंथापेक्षा बोरघाट उतरणाऱ्या मालट्रकांनी मला अधिक नेमका समजावून दिला.

पुण्याहून मुंबईस जाताना खंडाळ्याच्या पुढे आपली बस एखाद्या अवजड ट्रकच्या मागे अडकते. तो ट्रक पायउतार झालेल्या राजासारखा जड पावलांनी, गुरगुरत उतरत असतो. उतार समोर असताना हा एवढा रेंगाळतो का, असा त्रासिक प्रश्न प्रवाशांच्या चेहऱ्यांवर उमटतो. वस्तुतः त्या संथपणात मोठे कष्ट असतात. ४० टन वजनाचे वाहन सुमारे ५०० मीटर खाली आणायचे, तर उंचीमुळे त्याच्यात साठलेली ऊर्जा कोठेतरी खर्ची पडावीच लागते. तेवढ्या ऊर्जेत ६०० लिटरांहून अधिक पाणी उकळीला आणता येईल. वेग वाढू द्यायचा नसेल, तर ही सगळी ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडली पाहिजे. ती कोणत्या वाटेने बाहेर पडते, यावर चालकाचे, आणि वळणापलीकडे असलेल्या अनोळखी माणसांचेही, प्राण अवलंबून असतात.

सर्वांना ठाऊक असलेली वाट म्हणजे चाकांचे ब्रेक. पण ब्रेक हे थांबण्याचे साधन आहे. सतत आवरून धरण्याचे नव्हे. पाय दाबून ठेवून घाट उतरू लागले, की घर्षणाने ब्रेकचे ड्रम तापतात, तापून प्रसरण पावतात आणि आतून दाब देणाऱ्या पट्ट्यांपासून दूर सरकतात. पट्ट्यांची पकडही उष्णतेने क्षीण होते. जळका वास येऊ लागतो, पाय अधिक जोराने दाबला जातो, आणि ऐन गरजेच्या क्षणी ब्रेक हाक ऐकेनासा होतो. ‘ब्रेक निकामी झाल्याने अपघात’ असे वृत्तपत्रे लिहितात. पुष्कळदा तो ब्रेक मुळात बिघडलेला नसतो; त्याच्याकडून त्याचे नसलेले काम करून घेतलेले असते.

ते काम खरोखर इंजिनाचे आहे. खालचा गियर टाकला, की उतरणारी चाकेच इंजिनाला फिरवू लागतात, आणि फिरण्याला इंजिनाचा जो स्वाभाविक विरोध असतो तोच वेगाला आवर घालतो. डिझेल इंजिनात मात्र एक अडचण आहे. पेट्रोलच्या इंजिनात हवेची वाट अडवणारी झडप असते, त्यामुळे पाय उचलताच त्याला श्वास घेणे जड जाते. डिझेल इंजिन मोकळा श्वास घेते. ती हवा ते सोळा-सतरा पटींनी दाबते खरे. पण दाबलेली हवा स्प्रिंगसारखी उसळून खर्चलेले बहुतेक बळ परत देऊन टाकते. रोधाची बेरीज-वजाबाकी जवळपास शून्यावर येते.

या कोड्याची उकल क्लेसी कमिन्स या अमेरिकी यंत्रज्ञाने केली. एका धनिकाचा मोटारचालक म्हणून उमेदवारी केलेल्या या माणसाने १९१९ मध्ये इंडियाना राज्यात स्वतःची इंजिन कंपनी काढली. १९३१ मध्ये डिझेल ट्रकमधून अमेरिका ओलांडताना कॅलिफोर्नियातील कहोन खिंड उतरत असता त्याचे ब्रेक निकामी झाले. पायथ्याशी रेल्वेचे फाटक होते आणि रुळांवरून मालगाडी जात होती. थोडक्यात जीव वाचला, पण तो प्रसंग त्याच्या मनातून गेला नाही. पुढे निवृत्तीनंतर, पन्नाशीच्या दशकात, त्याने उपाय शोधला. हवा पूर्ण दाबली गेली, की नेमक्या त्याच क्षणी बाहेरची झडप उघडायची. दाबण्याचे श्रम झालेले असतात. परतफेड मात्र नळीवाटे निघून जाते. चढावर शक्ती देणारे इंजिनच उतारावर शक्ती गिळू लागते. जेकब्स कंपनीने १९६१ मध्ये हे साधन बाजारात आणले. त्याच्या नावाची कंपनी १९६२ मध्ये किर्लोस्करांच्या भागीदारीत पुण्यात आली, हा योगायोग मला घाटाच्या या माथ्यावर राहणारा म्हणून सुखावतो. आपल्याकडे अधिक रुळलेला प्रकार म्हणजे एक्झॉस्ट ब्रेक. त्यात धुराच्या नळीतील पडदा मिटून इंजिनाचा उच्छ्वासच कोंडला जातो. मोठ्या वाहनांत रिटार्डर नावाचे, तेलाच्या घुसळणीने किंवा चुंबकीय रोधाने गती शोषणारे यंत्रही असते.

इतके उपाय असताना माणसे मरतात कशी? पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार याचे दारुण उत्तर देतो. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री एका अवजड वाहनाने तेथे वाहनांची रांगच्या रांग चिरडत नेली. तेथील अपघातांच्या चर्चेत न्यूट्रलचा, डिझेल वाचवण्यासाठी इंजिनच बंद करण्याचा मुद्दा पुन्हा पुन्हा निघतो. न्यूट्रलमध्ये चाकांचा इंजिनाशी संबंध तुटतो. इंजिन बंद केले तर ब्रेकसाठी हवा भरणारा पंपही थांबतो, आणि साठलेली हवा पावलागणिक सरत जाते. शोकांतिका अशी, की आजचे डिझेल इंजिन गियरमध्ये असताना पाय उचलला तर इंधन घेतच नाही. न्यूट्रलमध्ये मात्र नुसते धडधडत राहण्यासाठी ते थोडे थोडे पीत असते. वाचवल्याच्या समजुतीत माणूस गमावत राहतो. परंतु दोष एकट्या चालकाच्या माथी मारणे मला न्याय्य वाटत नाही. डिझेलच्या हिशेबावर ज्याची कमाई ठरते आणि पोचण्याच्या वेळेवर ज्याची नोकरी, त्याच्या हाताला न्यूट्रलची दांडी जवळची वाटली, तर तो हिशेब मांडणाऱ्यांनाही प्रश्न विचारला पाहिजे.

समीक्षक म्हणून मी आयुष्यभर ‘संयम’ हा शब्द वापरत आलो. संयम म्हणजे बाहेरून दाबलेला ब्रेक, अशी त्याची सर्रास कल्पना असते; पण अशा दडपणाखाली लिहिलेले गद्य तापते आणि निकामी होते. ज्या लेखकांचा संयम मला खरा वाटला, त्यांच्यात आवेग आणि आवर यांचे यंत्र एकच होते. उतारवयालाही हेच लागू आहे. निवृत्त माणसाला तटस्थ होण्याचा मोह फार. वाद नकोत, मत नको, नव्या पुस्तकाशी झुंज नको. आता नुसते वाहत जावे. या तटस्थतेला आपण शहाणपण म्हणतो. घाट मात्र सांगतो, की न्यूट्रलमध्ये शांतता असते ती पहिल्या वळणापर्यंतच.

जुने चालक नव्यांना सांगत, की ज्या गियरने हा घाट चढला असता, त्याच गियरने तो उतरावा. आजच्या बलवान इंजिनांना त्याहूनही खालचा गियर लागतो. आणि तो घाटमाथ्यावरच टाकावा लागतो. वेग एकदा अनावर झाला, की खालचा गियर पडत नाही.