पाच परसांवरचा तांबडा पट्टा

पूर्वी आमच्या कासुर्डीत कुणी विहीर खोदायला काढली की पहिले आठ-दहा दिवस तिकडे कुणी फिरकायचं नाही. माती आणि मुरूम काय, कुणीही काढतं. गर्दी जमायची ती पहिला बार उडाल्यावर. तोवर उपसलेल्या ढिगाची चांगली बैठक झालेली असायची. माणसं पंचे टाकून बसायची, तंबाखू मळायची आणि खाली वाकून खडकाविषयी बोलायची. काळा अजून दोन परस हटत नाही. गेरू लागला की पाणी लांब नाही. मांजऱ्या हातानं फुटतोय, दारू वाया घालवू नका. परस म्हणजे पुरुषभर उंची, साडेपाच-सहा फूट. आमच्याकडे विहीर फुटांत मोजत नसत, माणसांत मोजत.

आमची विहीर बाहत्तरच्या दुष्काळातली. मी तेव्हा बारा वर्षांचा. अर्धं गाव पाझर तलावाच्या आणि खडी फोडायच्या कामावर होतं, सुकडी मिळायची, रेशनवरच्या लाल मिलोच्या भाकरी घशाखाली उतरत नसत. अशा वर्षात आमच्या आबांनी विहीर काढली, म्हणजे धाडसच. आधी पाणाड्या आला. उंबराची दुबेळकी काठी दोन्ही मुठींत धरून तो वावरभर फिरला, मग तळहातावर नारळ घेऊन फिरला. एका जागी नारळ उभा राहिला. तिथं खुंटी ठोकली, सव्वा रुपया आणि तोच नारळ घेऊन तो गेला. नारळ उभा कसा राहतो ते मला आजही माहीत नाही, आणि त्यावर माझा विश्वासही नाही. पण त्या माणसानं काठी बाहेर काढण्याआधी बांधावरची झाडं बघितली होती, वारुळं बघितली होती, उन्हाळ्यातही कुठं हिरवं टिकलंय ते विचारलं होतं, हे मी पाहिलंय. वराहमिहिरानं सहाव्या शतकात ‘बृहत्संहिते’त जमिनीखालच्या पाण्यावर अख्खा अध्याय लिहिला, दकार्गल नावाचा. त्यातही वारुळं आणि झाडं हीच खूण आहे. त्यामुळे नारळ सोडून देऊ, पण नजर खरी होती.

खोदणारे वडार होते. पहार, घण, सुरुंगाची दारू. दुपारी आरोळी उठायची, “बाऽऽर!” आणि आम्ही पोरं बाभळीमागे पळायचो. मातीखाली मुरूम, मुरमाखाली काळा पाषाण. तो पाषाण फोडता फोडता दोन महिने गेले, आबांचे केस त्या दोन महिन्यांत पिकले असं आई म्हणायची. आणि पाचव्या परसावर एका सकाळी पाटी वर आली ती लालभडक. गेरू! बायका टोपल्या घेऊन आल्या, तुळशीवृंदावनाला लावायला. गेरूखाली मांजऱ्या, भोकाभोकांचा, भोकांत पांढऱ्या गारा बसलेल्या. साडेसहा परसांवर भिंतीतून पाझर फुटला. त्या दिवशी आबा पहिल्यांदा जेवताना बोलले.

त्या भिंतीत काय लिहिलं होतं ते कळायला मला पुढची तीस-चाळीस वर्षं लागली. तेही इकडचं तिकडचं वाचून, पुण्यात नोकरी करताना भूशास्त्राची जाहीर व्याख्यानं ऐकून. सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी इथे लाव्हा वाहिला, एकदा नव्हे, थरांवर थर. आजही महाराष्ट्राचा बहुतेक भाग या थिजलेल्या लाव्ह्याखाली, म्हणजे बेसॉल्टखाली, आहे. मध्य प्रदेश, गुजरात धरून त्याचा पसारा पाच लाख चौरस किलोमीटर. प्रत्येक थराचा माथा वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र, पोट घट्ट. दोन उद्रेकांमध्ये बराच काळ गेला की माथ्यावर माती तयार व्हायची, आणि पुढचा तापलेला थर तिच्यावर बसला की ती लाल व्हायची. म्हणजे आमचा काळा पाषाण हे वरच्या थराचं पोट, गेरू ही दोन थरांमधल्या विश्रांतीतली माती आणि मांजऱ्या हा खालच्या थराचा माथा. पाणी त्याच्याच फटींत. ढिगावर बसून तंबाखू मळणारे म्हातारे ‘गेरू लागला की पाणी लांब नाही’ म्हणत, ते अगदी बरोबर होतं. फक्त सहा कोटी वर्षांचा हिशेब त्यांनी मांडला नव्हता.

हिशेब मांडायला सुरुवात करणाऱ्यांत एक गोरा साहेब होता, कर्नल साईक्स. १८२४ पासून काही वर्षं तो मुंबई सरकारच्या कामासाठी दख्खनभर फिरला. लोकसंख्या, पिकं, पक्षी, हवा आणि त्याबरोबर दगडही त्यानं टिपले. या खडकाला ‘ट्रॅप’ म्हणतात. मूळ स्वीडिश शब्द, अर्थ पायरी. आमच्या दक्षिणेला भुलेश्वरच्या रांगेकडे तिन्हीसांजेला बघा, उतार कसा पायऱ्यापायऱ्यांनी उतरतो. महाशिवरात्रीला त्या पायऱ्या चढणाऱ्या आमच्या आजीला हे सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, मग त्यात सांगण्यासारखं काय आहे?

गारांची गोष्ट त्याहून गमतीची. मांजऱ्यातल्या गारा आम्ही खिसे भरून आणायचो आणि गुऱ्हाळावर चुलवणात टाकायचो. काही नुसत्या तडकायच्या, काही पांढऱ्याफटक पडून फुलायच्या. गुळव्या ओरडायचा. १७५६ मध्ये स्वीडनच्या क्रोनस्टेट नावाच्या माणसानं हाच उद्योग केला, फुंकणीच्या ज्वाळेत असा खडा धरला, तो उकळल्यासारखा फुगला, म्हणून त्यानं नाव ठेवलं झिओलाइट, उकळणारा दगड. त्याला मान मिळाला, आम्हाला गुळव्याच्या शिव्या! पुढे ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आमच्यापासून तासाभराच्या वाटेवर, वाघोलीच्या खाणींत कॅव्हन्साइट सापडलं. मोरपिसासारखं निळं, पांढऱ्या स्फटिकांवर बसलेलं. ते पहिल्यांदा मिळालं अमेरिकेत, ओरेगॉन राज्यात, पण जगातल्या संग्रहालयांत मिरवतं ते वाघोलीचं. पुण्यात एका प्रदर्शनात त्याची किंमत विचारली आणि आम्ही कैऱ्या पाडायला वापरलेल्या एकेका गारेची आठवण झाली.

आता गावात विहीर कुणी खोदत नाही. बोअर घेतात. गेल्या उन्हाळ्यात पुतण्यानं घेतला. गाडी तमिळनाडूची, पोरं तिकडचीच, भाषेची अडचण रुपयांत सुटते. गाडी रात्री आली. राज्याच्या भूजल कायद्याप्रमाणे शेतीसाठी साठ मीटरपेक्षा खोल जाता येत नाही. तो कायदा २००९ चा, लागू झाला २०१४ मध्ये, आणि त्या रात्री त्याची आठवण काढणारा मी एकटाच होतो. काका, तुम्ही झोपा, पुतण्या म्हणाला. कंप्रेसरच्या आवाजात झोप कुठली? पाचशे फुटांपर्यंत मी रॉड मोजले. दगडाचं पीठ उडत होतं, राखाडी, राखाडी, मग थोडा वेळ तांबूस, पुन्हा राखाडी. तो तांबूस रंग आला तेव्हा मी पुढे होऊन मूठभर पीठ हातात घेतलं आणि म्हणालो, हा गेरू. पुतण्याला वाटलं, धुरळा अंगावर घेऊ नका असं सांगूनही काका ऐकत नाहीत.

माझी तक्रार मशिनशी नाही. दोन महिन्यांचं काम एका रात्रीत होतं, सुरुंगात कुणाची बोटं जात नाहीत. पण विहीर ही गावाची उघडी वही होती, कुणीही काठावर वाकून वाचावी. बोअर म्हणजे सहा इंची भोक, त्यात बॅटरी मारली तरी काही दिसत नाही. आता पोरांना विचारा खाली कुठला दगड आहे, तर ती फूट सांगतात आणि इंच सांगतात.

खालचं काही स्वतःहून आपल्याला कळवतो तो भूकंप. ११ डिसेंबर १९६७, पहाटे चार वाजून एकवीस मिनिटं. ही वेळ मला अर्थातच नंतर कळली. तेव्हा एवढंच कळलं की उतरंडीतली मडकी एकमेकांना घासून वाजतायत आणि बैल दावणीला उभे राहिलेत. आई म्हणाली, मांजर असेल. आजी म्हणाली, शेषानं फणा बदलला. कोयनानगर उद्ध्वस्त झाल्याचं रेडिओवर ऐकलं, पेपर दुसऱ्या दिवशी वाचला. पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. त्याआधी शास्त्रज्ञही दख्खनला अचल भूमी मानत. मग प्रश्न उभा राहिला की धरणातल्या पाण्यानं तर जमीन हलली नाही ना. कोयनेचा शिवाजीसागर जलाशय भरायला लागून तेव्हा जेमतेम पाच-सहा वर्षं झाली होती. पाण्याच्या दाबानं आणि पाझरानं आधीच ताणलेल्या भेगा सरकतात, हे पुढे कोयनेनंच जगाला शिकवलं. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संस्थेतल्या हर्ष गुप्तांनी त्यात आयुष्य घातलं.

किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी मी तेहतीस वर्षांचा होतो. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनानंतरची पहाट. दगडमातीच्या जाड भिंतींनी, माळवदांच्या ओझ्यानं माणसं मारली. त्या वर्षी आबांनी आमच्या जुन्या ओसरीच्या भिंतीला हात लावून बघितलं, बाहेरून दगड, आतून दगड, मध्ये नुसती माती. सहा महिन्यांत ती उतरवली. आता तिथं आरसीसीचं घर आहे, उन्हाळ्यात भट्टीसारखं तापतं, आणि त्याबद्दल मी कुरकुर करत नाही.

हल्ली फोनवर राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राचं ॲप आहे. कोयनेत तीन रिश्टरचा धक्का बसला की चहा व्हायच्या आत आकडा येतो, खोली येते, नकाशावर ठिपका येतो. पूर्वी हादरा आधी यायचा आणि बातमी मागून. आता बातमी येते आणि हादरा कळतही नाही.

पण दगड वाचायचं काम कुणी तरी करतंय, हे कळल्यावर मला बरं वाटलं. कराडला केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे. या कामासाठी कोयना परिसरात आधी नऊ ठिकाणी दीड किलोमीटरपर्यंत विवरं घेतली, पीठ न करता, खडकाचे सलग दंडगोल काढून. बेसॉल्टची जाडी कुठं चारशे मीटर निघाली तर कुठं सव्वा किलोमीटर, खाली थेट ग्रॅनाइटसारखा पुरातन खडक. मग गोठणे गावाजवळ २०१६ च्या डिसेंबरात सुरू करून पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाला तीन किलोमीटर खोल गेले. आधीच्या विवरांतले दंडगोल पेट्यांत ओळीनं मांडून ठेवलेत. आबांच्या हिशेबानं तीन किलोमीटर म्हणजे सोळा-सतराशे परस. ढिगावर बसणारे म्हातारे असते तर कराडला ट्रक करून गेले असते.

आमची विहीर अजून आहे. पाणी प्यायला कुणी नेत नाही, काठावर पिंपळ उगवलाय. पण कठड्यावर रंगानं एक क्रमांक टाकलाय, भूजल सर्वेक्षण यंत्रणेची ती निरीक्षण विहीर. ही यंत्रणाही बाहत्तरचीच, विहिरीच्या वयाची. जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशा चार फेऱ्यांना माणूस येतो, टेप सोडतो, आकडा लिहितो, जातो. यंदा मे महिन्यात नवा मुलगा आला होता. पाणी तळाला होतं, त्यामुळे भिंत वरपासून खालपर्यंत मोकळी. टेप गुंडाळायचं सोडून तो वाकून बघत राहिला.

“बाबा, हा तांबडा पट्टा कितीवर आहे, माहिती आहे का तुम्हाला?”

“पाच परस,” मी म्हणालो.

त्यानं परस म्हणजे किती ते विचारलं, मनात गुणाकार केला आणि वहीत लिहिलं, नऊ मीटर. मग थोडं थांबून कंसात ‘५ परस’ असंही लिहिलं.