बरणींतलें सूप

पाककला हा विषय मुलांनीं लिहावयाचा नव्हे, असें आमचे कांहीं वर्गबंधु म्हणतील. त्यांतहि टोमॅटोच्या सुपासारख्या चार घोटांच्या पदार्थावर निबंध लिहावयास बसणें म्हणजे राईचा पर्वत करणें होय, असें कोणास वाटेल. परंतु ज्या फळापायीं एका उन्हाळ्यांत आमच्या घरीं कोणी धड जेवलें नाहीं, त्याच फळानें पुढच्याच पावसाळ्यांत एका आजारी माणसाच्या तोंडास चव आणली. ही हकीकत सांगण्यासारखी आहे असें मला वाटतें. वाचकांनीं ती गोड मानून घ्यावी.

आमचें गांव तिसगांव. नगरहून पाथर्डीकडे जातांना करंजीचा घाट ओलांडला कीं थोड्याच वेळांत तें लागतें. गर्भगिरीच्या डोंगरांजवळचा हा मुलूख पावसाच्या बाबतींत सदाच भुकेला. बाजरी, ज्वारी, तूर, हुलगे हीं येथलीं जुनीं पिकें. ज्याच्या विहिरीस उन्हाळ्यांत थोडेंबहुत पाणी टिकतें, तो जिवावर उदार होऊन भाजीपाला लावतो. इ. स. २०२३ च्या आरंभीं माझ्या वडिलांनीं अर्ध्या एकरांत टोमॅटो लावले. मल्चिंगचा कागद, ठिबकच्या नळ्या, तार आणि बांबू यांसाठीं बराच पैसा गेला. मी त्या वेळीं आठवीच्या वर्गांत होतों. सुटीच्या दिवशीं मीहि झाडें सुतळीनें तारेला बांधूं लागत असें. झाडांस फळें धरलीं तेव्हां वडील रोज सायंकाळीं वावरांतून एक चक्कर मारून येत, आणि आल्यावर कांहीं न बोलतां हंसत.

मे महिन्यांत तोडे सुरू झाले, आणि त्याच वेळीं भाव कोसळला. त्या महिन्यांत किलोस एक-दोन रुपये मिळाल्याच्या आणि शेतकऱ्यांनीं माल रस्त्यावर ओतल्याच्या बातम्या नाशिककडून येत होत्या. आम्ही त्या वाचत होतों, तरी आपल्यावर तशी पाळी येईल असें वाटत नव्हतें. वडिलांनीं वीस-वीस किलोंचीं चाळीस कॅरेट भरून टेंपोंतून बाजारांत नेलीं. आडत, हमाली आणि तोलाई वजा होऊन जी पट्टी हातांत आली, तींत टेंपोचें भाडेंहि भागेना. चार कॅरेट तर कोणीं घेतलींच नाहींत. तीं तशींच परत आलीं.

त्या रात्रीं आईनें ताट वाढलें. वडील ओट्यावरून उठले नाहींत. शेवटीं एवढेंच म्हणाले, “उद्या धनगराला सांगा, मेंढरं घाल म्हणावं वावरात. त्या लाल रंगाकडं बघवत नाही आता.”

दुसऱ्या दिवशीं खरोखरच मेंढरें वावरांत शिरलीं. इकडे आजी मात्र पहाटेच विळी घेऊन परत आलेल्या कॅरेटांपाशीं बसली होती. दोन कॅरेट तिनें शेजाऱ्यांस वाटावयास सांगितलीं आणि उरलेल्या दोहोंतील फळें ती चिरूं लागली. वडील चिडून म्हणाले, “आई, फुकट कशाला घाम गाळतीस?” आजीनें मान वर केली नाहीं. ती म्हणाली, “घामाचंच हाय, बाबा. म्हणून तर टाकवत न्हाय.”

आई, मी आणि माझी धाकटी बहीण असे तिघेंहि मग तिच्या हाताखालीं बसलों. टोमॅटो धुऊन, पुसून, कोरडे करावयाचे. बोटाच्या पेराच्या निम्म्यानें जाड चकत्या करावयाच्या. त्यांवर मीठ भुरभुरावयाचें आणि गच्चीवर स्वच्छ धोतरावर एकेक सुटी मांडावयाची. वरून पातळ लुगड्याचें आच्छादन, कीं माशी बसूं नये. दिवसांतून एकदां चकत्या उलटावयाच्या, आणि दिवस मावळण्यापूर्वीं सर्व घरांत आणावयाच्या, नाहींतर रात्रीच्या दंवानें बुरशी धरते. कुरडया आणि पापड यांच्या शेजारीं ती तांबडी रांगोळी चार दिवस उन्हांत पडली होती. चवथ्या दिवशीं चकत्या चामड्यासारख्या चिवट झाल्या. आणखी एक ऊन दिल्यावर त्या मोडतांना कडकन् आवाज होऊं लागला. तेव्हां आजीनें त्या चिनी मातीच्या बरणींत भरल्या आणि तोंडास फडकें बांधून बरणी फडताळांत ठेवली. चाळीस किलो टोमॅटोंचा जेमतेम तीन किलो ऐवज झाला. मला तें पाहून वाईट वाटलें. पुढें आमच्या विज्ञानाच्या गुरुजींनीं सांगितलें कीं टोमॅटोंत शेंकडा चौऱ्याण्णव भाग पाणीच असतें. तेव्हां कळलें कीं आजीनें गमावलें तें पाणी, आणि राखला तो टोमॅटो.

आतां नियतीचा खेळ पाहा. पीक मोडून दोन महिनेहि झाले नाहींत, तोंच जुलै महिन्यांत टोमॅटोचा भाव किलोस शंभर रुपयांच्या वर गेला. उन्हाळ्यांत अनेकांनीं आमच्यासारखेंच पीक मोडलें होतें. कोठें रोगानें, कोठें अतिवृष्टीनें माल कमी झाला होता. जो तो टोमॅटोविषयींच बोलत असे. वडील तें ऐकत आणि विषय बदलीत.

त्याच दिवसांत आजी तापानें अंथरुणास खिळली. ताप उतरला, पण तोंडाची चव गेली. भाकरी चावेना, भात गिळवेना, दूध पुढें केलें तर ती मान फिरवी. डॉक्टर म्हणाले, “औषधापेक्षां आतां अन्नाची गरज आहे.” एके सायंकाळीं ती म्हणाली, “कायतरी आंबटसर, ऊन ऊन दे रं.” तेव्हां मला एकदम आठवण झाली. मागें नगरला एका लग्नांत आम्हांस पेल्यांतून टोमॅटोचें घट्ट, मऊ सूप मिळालें होतें, आणि त्यावर पांढऱ्या क्रीमचें वेटोळें काढलेलें होतें. मीं आजीस सांगितलें, “मी तुला सूप करून देतो.” आजारांतहि तिला हंसूं आलें. “सूप पाखडायला असतं, पोरा, प्यायला न्हाय.”

बाजारांतून ताजे टोमॅटो आणण्याची सोय नव्हती. क्रीम तर आमच्या गांवांत कोण विकत घेतो? पण फडताळांत बरणी होती. मीं मूठभर चकत्या गरम पाण्यांत भिजत घातल्या, कांदा व लसूण यांबरोबर शिजवल्या, वाटून गाळून घेतल्या. रंग असा उतरला कीं मी स्वतःवरच खूष झालों. मग क्रीमच्या ऐवजीं गार दुधाचा पेला त्या उकळत्या रसांत एकदम ओतला. पाहतां पाहतां सर्व दूध फाटलें. वर तांबूस पाणी, खालीं पांढऱ्या कण्या! मी रडकुंडीस आलों.

आंतल्या खोलींतून आजीनें विचारलें, “काय झालं?” मीं सांगितलें. ती क्षणभर थांबून म्हणाली, “कढी करताना ताकाला पीठ कशापायी लावत्यात, ठावं हाय का तुला?”

मला ठावें नव्हतें. म्हणजे रोज खात होतों, पण विचार केला नव्हता. दुधांतील केसीन नांवाचें सत्त्व आंबट पदार्थाशीं गांठ पडतांच गोळा होऊन पाण्यापासून वेगळें होतें, आणि टोमॅटो तर आंबटच. त्यांत उष्णता जास्त असली तर काम लवकर बिघडतें. पीठ शिजलें म्हणजे त्यांतील पिष्ट फुगून त्या सत्त्वाच्या कणांभोंवतीं पसरतें आणि त्यांस एकमेकांस चिकटूं देत नाहीं. कढी फुटत नाहीं ती यामुळेंच. कोणी सुपांत चिमूटभर सोडा घालतात. त्यानें आंबटपणा मरतो खरा, परंतु आंबटपणाबरोबर चवहि जाते.

मग आजी अंथरुणावरून सांगत गेली आणि मी चुलीपुढें करीत गेलों. तें येथें क्रमानें देतों, म्हणजे ज्यास हवें त्यास घरच्या वस्तूंतच करतां येईल. चौघांपुरत्या सुपास सुमारें ५० ग्रॅम वाळविलेल्या चकत्या अर्धा लिटर कढत पाण्यांत अर्धा तास भिजवाव्या. (ताजे टोमॅटो असल्यास पाऊण किलो घ्यावे.) चमचाभर तुपांत एक कांदा व चार पाकळ्या लसूण मऊ होईपर्यंत परतावीं, पण तांबूस होऊं देऊं नयेत. त्यांत चकत्या व त्यांचें पाणी घालून वीस मिनिटें मंद शिजवावें, वाटावें आणि गाळून घ्यावें. दुसऱ्या पातेल्यांत दोन चमचे तुपावर दोन चमचे गव्हाचें पीठ खमंग वास येईपर्यंत भाजावें. तें पातेलें खालीं उतरवून त्यांत पेलाभर कोमट दूध थोडें थोडें घालीत गुठळ्या मोडाव्या, आणि पुन्हां आंचेवर ठेवून दाट होईपर्यंत ढवळावें. आतां मुख्य गोष्ट : दूध रसांत ओतूं नये, गाळलेला रस त्या दाट दुधांत पळी-पळीनें घालावा आणि हात थांबवूं नये. यापुढें उकळी आणूं नये. शेवटीं चार मिऱ्यांची पूड, वाटाण्याएवढा गूळ, आणि घोटलेली दोन चमचे साय घालावी. मीठ चाखूनच घालावें, कारण चकत्यांत तें आधींच असतें. शिळी भाकरी बारीक तुकडे करून तव्यावर कुरकुरीत केली म्हणजे सोबतीस पाव लागत नाहीं. तूप व साय यांचा उपयोग केवळ चवीपुरता नाहीं. टोमॅटोस तांबडा रंग देणारें जें लायकोपीन, तें शिजवल्यानें व स्निग्ध पदार्थाच्या संगतीनें अंगीं अधिक लागतें.

त्या रात्रीं वीज गेली होती, म्हणून वाटण मीं पाट्यावरच केलें होतें. कंदिलाच्या उजेडांत आजीस उठवून बसविलें आणि वाटी तिच्या ओठांशीं धरली. पहिला घोट घेऊन ती कांहींच बोलली नाहीं. दुसरा घेतला. मग तिनें वाटी माझ्या हातून आपल्या हातांत घेतली. आई दाराशीं उभी होती. तिनें पदरानें डोळे पुसले.

वडील उशिरां घरीं आले. आईनें त्यांच्याहि पुढें वाटी ठेविली. घोट घेऊन त्यांनीं विचारलें, “टोमॅटो कुठनं आणले? एवढे महाग?” आई म्हणाली, “आपलेच आहेत. बरणीतले.” वडिलांनीं वाटी खालीं ठेविली. मला भीति वाटली कीं आतां ते उठून जातील. पण त्यांनीं ती पुन्हां उचलली, संपविली, आणि तळाशीं राहिलेलें बोटानें पुसून घेतलें. मग आजीच्या खाटेकडे पाहून म्हणाले, “आई, पुढच्या साली लावू थोडे. पर निम्मे तुझ्या बरणीसाठी धरूनच लावू.”

पुढच्या वर्षीं त्यांनीं अर्ध्या एकराऐवजीं चार गुंठ्यांत टोमॅटो लावले, आणि उरलेल्या रानांत बाजरी व तूर पेरली. आजी बरी झाली. त्या उन्हाळ्यांत चकत्या पसरतांना गच्चीवर मोठ्यानें हुकूम सोडीत होती. बरणीनें बाजाराचा प्रश्न सुटतो असें मात्र मी म्हणणार नाहीं. अर्ध्या एकराचें पीक कोणाच्याहि फडताळांत मावत नाहीं, आणि मेंढरांपुढें गेलेला माल परत येत नाहीं. शेतकऱ्यास त्याच्या कष्टाचें मोल मिळावें हा मोठा प्रश्न आहे, आणि तो मोठ्यांनीं सोडवावयाचा आहे.

टोमॅटो हें फळ मूळचें दक्षिण अमेरिकेचें. वांगें, बटाटा व मिरची यांच्याच कुळांतलें. आमच्याकडील जुनीं माणसें त्यास भेदरें म्हणत. अमेरिकेंत इ. स. १८९७ सालीं कॅम्पबेल कंपनीच्या डॉरन्स नांवाच्या रसायनशास्त्रज्ञानें पाणी कमी केलेलें दाट सूप डब्यांत भरण्याची युक्ति काढली. त्याच्या पहिल्या पांच प्रकारांत टोमॅटोचें सूप होतें. पाणी काढावें, सत्त्व ठेवावें, आणि लागेल तेव्हां पाणी घालावें, ही त्याची युक्ति जगभर गाजली. माझ्या आजीनें शाळेचें तोंड पाहिलें नाहीं, आणि डॉरन्सचें नांवहि तिनें कधीं ऐकलें नाहीं. पण तिची बरणी त्याच तत्त्वावर भरलेली होती. तिला एवढेंच ठाऊक होतें कीं ज्यांत घरच्यांचा घाम आहे तें टाकूं नये, आणि आंबट व गोड एकत्र आणावयाचें तर घाई करूं नये, हात ढवळीत ठेवावा. या दोन गोष्टी मला पुस्तकांत सांपडल्या नव्हत्या. त्या चुलीपुढें सांपडल्या, म्हणून त्या येथें नमूद करून वाचकांची रजा घेतों.