मोज्यातली काडतुसे

सेनापतीचे मोठेपण रणांगणावर मोजावे, असा आपल्याकडे पूर्वापार संकेत आहे आणि बखरींवर पोसलेल्या आपल्या मनास तो रुचतोही. परंतु ज्याची उमेदीची वर्षे विमानांच्या देखभालीत, इंजिनाच्या तेलाच्या वासात आणि सुट्या भागांच्या दप्तरांत गेली, अशा माझ्यासारख्या तांत्रिक शाखेतील निवृत्त अधिकाऱ्यास तो अपुरा वाटतो. विमान तासभर आकाशात राहते. त्या तासासाठी जमिनीवर किती हात राबतात याची जाण ज्यास आहे, तोच हवाई दलाचा खरा सेनापती. या निकषावर एअर मार्शल सुब्रतो मुखर्जी यांच्या तोडीचा पुरुष मला आपल्या दलाच्या इतिहासात दुसरा दिसत नाही.

५ मार्च १९११ रोजी कलकत्त्यातील एका सुविद्य कुटुंबात जन्मलेला हा तरुण क्रॅनवेलच्या विद्यालयात शिकून ८ ऑक्टोबर १९३२ रोजी हवाई दलाचा अधिकारी झाला. पुढील १ एप्रिलला कराचीजवळ ड्रिग रोड येथे दलाची पहिली स्क्वाड्रन उभी राहिली, तेव्हा तिची सारी दौलत म्हणजे सहा अधिकारी, १९ हवाई शिपाई आणि चार वापिती विमाने. ‘हवाई शिपाई’ हा त्या वेळचा अधिकृत हुद्दा. त्यात दलाचे नवखेपण आणि सरकारचा हात राखून दिलेला विश्वास, दोन्ही दिसतात. १९३९ साली या स्क्वाड्रनचे आधिपत्य मुखर्जींकडे आले; असे आधिपत्य लाभलेले ते पहिले भारतीय होत.

त्यानंतरच्या वर्षी वझिरिस्तानात घडलेला प्रसंग मी नव्या अधिकाऱ्यांना नेहमी सांगत असे. डोंगरावरील एका लष्करी चौकीस टोळीवाल्यांनी वेढा घातला होता. बिनतारी संदेशाची सोय नव्हती. जमिनीवर पसरलेल्या कापडी फलकाच्या पट्ट्या उघडझाक करून चौकीतील शिपायांनी वर घिरट्या घालणाऱ्या मुखर्जींना कळविले की, काडतुसे संपत आली आहेत. विमानात शिलकी दारूगोळा कुठला? मुखर्जींनी तोफची कर्तारसिंग यास आपल्याच मशिनगनच्या तबकडीतील गोळ्या काढावयास लावल्या, त्या मोज्यांत भरल्या आणि विमान खाली उतरवीत चौकीवर टाकल्या. स्वतःचे हत्यार रिकामे करून दुसऱ्याचे भरणे, ही गोष्ट शौर्याच्या कोणत्याही रकान्यात नीट बसत नाही. पण पुरवठ्याचे सारे शास्त्र मला त्या मोज्यात दिसते. गरज कोठे आहे ते अचूक हेरावे, आणि हाताशी असेल ते वेळेवर तेथे पोचते करावे.

१९४३ साली कोहाटच्या तळाचा अंमल त्यांच्याकडे आला. परंतु फाळणी झाली आणि कोहाट, पेशावर, रिसालपूर, ड्रिग रोड ही वर्षानुवर्षे घडविलेली ठाणी सीमेपलीकडे गेली. ज्या मातीत दल वाढले ती मातीच परकी झाली. लष्करास जानेवारी १९४९ मध्ये करिअप्पांच्या रूपाने भारतीय सरसेनापती लाभले. हवाई दलावर मात्र एल्महर्स्ट, आयव्हलॉ-चॅपमन आणि गिब्ज असे तीन इंग्रज प्रमुख लागोपाठ राहिले. ज्या दलातील ज्येष्ठतम भारतीयाची नोकरीच जेमतेम १५ वर्षांची, त्याने घाईने खुर्ची घेण्यापेक्षा कारभार पक्का होऊ द्यावा हे शहाणपणाचे, असे माझे मत आहे. मुखर्जी त्या काळात दुय्यम स्थानी राहून मुख्यालयाचा कारभार वाहत होते. अखेर १ एप्रिल १९५४ रोजी, पहिल्या स्क्वाड्रनच्या जन्मानंतर बरोबर २१ वर्षांनी, दलाची सूत्रे त्यांच्या हाती आली.

पुढील सहा वर्षांत मिस्टेअर, हंटर, कॅनबेरा, नॅट अशी विमाने दाखल झाली. वाचकांस त्यांचा वेग आठवेल. मला त्यांचे पान्हे आठवतात. मी दलात शिरलो तेव्हा मुखर्जी जाऊन काही वर्षे लोटली होती, पण आमच्या कार्यशाळेतील एका वयोवृद्ध वॉरंट ऑफिसराने हत्यारांची दोन ताटे निरनिराळ्या रंगांत रंगवून ठेवली होती; एक फ्रेंच तुफानीसाठी मिलिमीटरचे, दुसरे इंग्रजी विमानांसाठी इंचाचे. एका ताटातला पान्हा दुसऱ्यात सापडला की म्हातारा काम थांबवीत असे, कारण चुकीच्या पान्ह्याने नट झिजतो आणि झिजलेला नट आकाशात सुटतो. दोन देशांची यंत्रे एका दलात नांदविण्यासाठी अशी किती माणसे घडवावी लागली असतील, त्याची कल्पना विमानांच्या संख्येवरून येत नाही.

८ नोव्हेंबर १९६० रोजी टोकियोत जेवताना घास श्वासनलिकेत अडकून हा सेनानी गेला. वय अवघे ४९. त्यांच्या पत्नी शारदाबाई मराठी, पंडितांच्या घरच्या. त्या १९६२ व १९६७ साली रत्नागिरीतून लोकसभेवर निवडून गेल्या आणि पुढे आंध्र व गुजरातच्या राज्यपालही झाल्या. स्वतः मुखर्जी फुटबॉलचे निस्सीम भोक्ते. शालेय मुलांसाठी देशव्यापी स्पर्धा व्हावी ही कल्पना त्यांचीच. ती स्पर्धा १९६० साली सुरू झाली आणि आजही हवाई दलच ती भरविते. त्या करंडकासाठी धावणाऱ्या मुलांना मोज्यातल्या काडतुसांची गोष्ट ठाऊक नसते. ती कोणीतरी सांगावयास हवी.