एका ‘बी’ची गोष्ट

मराठी शिकवणाऱ्या बाईने इंग्रजी व्याकरणावर लिहावे, हा कित्येकांना आगाऊपणा वाटेल. परंतु त्याला कारण आहे, आणि ते म्हणजे माझ्याच हातून घडलेली एक चूक.

काही वर्षांपूर्वी महाविद्यालयातील एका समितीचे इतिवृत्त टंकलिखित करण्याचे काम माझ्याकडे आले. मसुदा इंग्रजी विभागातील, निवृत्तीला आलेल्या सरांच्या हातचा होता. आजारपणामुळे एका विद्यार्थिनीची अंतर्गत परीक्षा हुकली होती. तिला पुन्हा संधी मिळावी, असा समितीचा आग्रह होता. सरांचे वाक्य असे : ‘द कमिटी इन्सिस्ट्स दॅट शी बी गिव्हन अ सेकंड चान्स.’ ‘शी’पुढे ‘बी’ पाहून मला वाटले, सरांची लेखणी घसरली. मी मोठ्या आत्मविश्वासाने तेथे ‘इज’ केले. कागद वर गेला. तीन आठवड्यांनी उत्तर आले : संधी दिली जात असल्याचे समितीनेच नमूद केले आहे, सबब वेगळ्या आदेशाची आवश्यकता नाही. खुलासा जाऊन परवानगी येईपर्यंत गुण पाठवण्याची मुदत टळली. मुलीचे एक सत्र वाया गेले.

सर रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, ‘‘मॅडम, ‘इज’ म्हणजे आहे. ‘बी’ म्हणजे असावे. तुम्ही मराठीच्या. हे तुम्हांला मी सांगावे?’’

हा प्रश्न मनात रुतून बसला. मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ चे. त्या परंपरेतले क्रियापदाचे अर्थ मी दरवर्षी शिकवते. ‘ती येते’ हा स्वार्थ, ‘तिने यावे’ हा विध्यर्थ, ‘ती आली असती तर’ हा संकेतार्थ. मराठीत विध्यर्थ आला की क्रियापद तर बदलतेच, बहुधा कर्त्याची विभक्तीही बदलते. त्यामुळे घडलेले आणि घडावेसे वाटणारे यांची गल्लत होत नाही. इंग्रजीत हा भेद एखादा ‘एस’ गाळून, किंवा ‘बी’, ‘वेअर’ अशा मोजक्या रूपांतून दाखवावा लागतो. ही रूपे मरणपंथाला लागली आहेत, असे फाउलरने १९२६ मध्ये म्हटले होते. पण मागणीचा, शिफारशीचा ‘बी’ पुढे अमेरिकन इंग्रजीत उलट बळावला, आणि ठरावांच्या भाषेतून तर तो कधी गेलाच नाही.

जुन्या उभयान्वयी अव्ययांचेही असेच. ‘गाडी चुकू नये म्हणून तो धावला’ याचे इंग्रजी करताना आपले विद्यार्थी ‘लेस्ट ही शुड नॉट मिस द ट्रेन’ असे लिहितात. मराठीतला नकार ‘नये’मध्ये आहे, इंग्रजीतला ‘लेस्ट’च्या पोटात. तो शब्द ‘लेस’चा, म्हणजे ‘कमी’चाच वंशज. तेव्हा पुन्हा ‘नॉट’ घातला की अर्थ नेमका उलटतो. ‘लेस्ट ही मिस द ट्रेन’ एवढे पुरते. तेथे ‘मिसेस’ही नको, कारण गाडी अजून चुकलेली नाही. ‘अनटिल ही डज नॉट कम’ हे वाक्यही ‘तो येत नाही तोपर्यंत’ याचीच सावली होय. या चुका अडाणीपणाच्या नव्हेत. इंग्रजीच्या आडून मराठी बोलत असते, एवढेच.

आणि ‘ऑल्बीइट’? पुष्कळांना तो नुसता भारदस्त शब्द वाटतो. ‘ऑल’, ‘बी’, ‘इट’ हे तीन शब्द त्यात जुळून गेले आहेत, आणि मधोमध माझा तोच ‘बी’ आहे. ‘अ यूजफुल, ऑल्बीइट स्मॉल, बुक’ : पुस्तक उपयोगी, लहान असेना का! आपले ‘असेना का’ डोळ्यांपुढे ठेवले की हा शब्द कोठे शोभेल आणि कोठे नुसता मिरवेल, हे कळू लागते.

जुने शब्द दागिन्यांसारखे अंगावर घालू नयेत, हे मी विद्यार्थ्यांना पूर्वीही सांगत असे. परंतु जुने दिसते म्हणून ते चुकीचे ठरवू नये, हे मला फार उशिरा उमगले. आता विध्यर्थ शिकवण्याच्या दिवशी मी फळ्यावर सरांचे वाक्य लिहिते, त्याखाली माझे लिहिते आणि झालेला प्रकार सांगते. त्या मुलीचे नाव सांगत नाही. चूक कोणाची होती, हे मात्र सांगते.