ताप कशाचा?

आमच्या बीड जिल्ह्यात कावीळ झाली की आधी ती उतरवून घेतात, मग दवाखाना. त्यामुळे दारूनं यकृत सुजलेला ऊसतोड कामगार माझ्यापुढे येतो तेव्हा डोळे पिवळे, पोट पाण्यानं तट्ट आणि अंगात ताप असतो. बायको विचारते, ‘डॉक्टरसाहेब, ताप का उतरंना?’

माझं सगळं कसब या प्रश्नाशी येऊन ठेपतं. दारूनं आतड्याचं अस्तर सैल होतं, तिथल्या जिवाणूंचं विष रक्तावाटे यकृतात पोचतं. तिथल्या पहारेकरी कुप्फर पेशी मग टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-६ अशी सायटोकाइन्स नावाची रसायनं सोडतात. यातूनच दाह भडकतो, यकृताच्या पेशी मरतात, भूक जाते आणि कुठलाही संसर्ग नसताना ताप चढतो. पण पोटातल्या पाण्यात जंतू वाढले तरी ताप येतोच. नुसत्या तापावरून दोन्ही वेगळे करता येत नाहीत.

म्हणून मी आधी पोटातलं थोडं पाणी सुईनं काढून तपासतो. त्यात दर घनमिलिमीटरला न्यूट्रोफिल पेशी २५० किंवा जास्त निघाल्या, तर अँटिबायोटिक त्याच क्षणी सुरू. रक्त, लघवी, छातीचा एक्स-रे सगळं निर्मळ निघालं आणि आजार गंभीर असला, तरच स्टेरॉइडचा विचार. सातव्या दिवशी बिलिरुबिन बघायचं. गुण नसेल तर स्टेरॉइड बंद करायचं.

सायटोकाइन थेट अडवूनही पाहिलं गेलं आहे. टीएनएफ रोखणाऱ्या इन्फ्लिक्सिमॅबचा फ्रान्समधला प्रयोग गंभीर संसर्ग वाढल्यानं अर्ध्यावर थांबवावा लागला. तो अहवाल २००४ चा. २००८ मध्ये टीएनएफच रोखणारं एटानरसेप्ट घेतलेल्या रुग्णांत सहा महिन्यांतले मृत्यू जास्त निघाले. कारण जंतूंशी लढायला टीएनएफ लागतो, आणि यकृत पुन्हा वाढायला टीएनएफ व इंटरल्यूकिन-६ दोन्ही लागतात. रुग्णाला मारणारा दाह आणि त्याला उभं करणारी शक्ती एकाच रसायनात आहे, हे उमगल्यापासून औषध लिहिताना माझा हात आधी थांबतो.

दाहाचं मूळ तोडणारा उपाय एकच, दारू सुटणं. पण रोज पिणाऱ्यानं ती घरी एकाएकी सोडू नये. झटके येतात, भ्रम होतो. डोळे पिवळे दिसले की कावीळ उतरवण्यात दिवस घालवू नका. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय गाठा, नाहीतर जवळचं सरकारी रुग्णालय. आणि किती पितो ते डॉक्टरांना खरं सांगा.