फास्ट

गेल्या वर्षीची गोष्ट. इंग्रजीच्या तासाला सरांनी फळ्यावर एक वाक्य लिहिले, 'द डोअर वॉज फास्ट', आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "मराठीत सांग." वाक्यात शब्द चार आणि चारही ओळखीचे. मी उभी राहिले आणि बेधडक सांगून टाकले, "दार वेगात होते."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "राहतेस कुठे?" मी म्हटले, "दिव्याला." तोच मागच्या बाकावरून आवाज आला, "मग बरोबर आहे सर, हिच्याकडे दारेसुद्धा धावतात!" पुन्हा हशा. मी खाली बसले. कानशिले तापली होती.

आता तुम्हीच सांगा, माझे काय चुकले? आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. बाबा नववीपर्यंत शिकले, आई चौथीपर्यंत. घरात कोश नाही. आमचे इंग्रजी कोशातून आले नाही, ते स्टेशनवरच्या भोंग्यातून आले. फास्ट आणि स्लो हे दोन शब्द मी एबीसीडीच्या आधी शिकले असेन. स्लो म्हणजे आपली, फास्ट म्हणजे दुसऱ्यांची. कारण माझ्या लहानपणी दिव्याला फास्ट लोकल थांबतच नसे. ती यायची, फलाटावरचा कचरा उडवायची आणि डोंबिवलीकडे किंवा ठाण्याकडे निघून जायची. आई माझे मनगट पकडून मला मागे ओढायची. "घट्ट धर गो बाय!" एवढेच तिचे म्हणणे. आम्ही मूळचे खेडकडचे, त्यामुळे आईच्या बोलण्यातला 'गो' अजून सुटलेला नाही.

२ जानेवारी २०१५ रोजी दिव्यातल्या प्रवाशांच्या संतापाचा भडका उडाला आणि रेल्वे रोको झाले, ते पुष्कळांना आठवत असेल. पुढे डिसेंबर २०१६ मध्ये काही फास्ट गाड्या दिव्याला थांबू लागल्या. मी तेव्हा दहा वर्षांची होते. बाबा सुट्टीच्या दिवशी मला मुद्दाम ती थांबलेली फास्ट दाखवायला घेऊन गेले. जत्रेतला हत्ती दाखवावा तशी. मला गंमत वाटली ती वेगळीच. थांबली म्हणजे मग ही फास्ट कसली, असे मी विचारले आणि बाबा खूप हसले.

तर त्या फजितीनंतर मी ग्रंथालयात गेले आणि संदर्भ विभागातल्या मॅडमकडून जाडजूड इंग्रजी कोश मागून घेतला. मला वाटले होते, दोन ओळींत काम होईल. पाहते तो काय, या टीचभर शब्दाने कितीतरी रकाने अडवलेले! आणि वाचकहो, सगळ्यांत पहिला अर्थ वेग नव्हताच. पहिला अर्थ होता घट्ट, पक्के, न हलणारे. दार फास्ट म्हणजे दार घट्ट लावलेले. नाव किनाऱ्याला बांधली की तीही फास्ट. धुतल्यावर न जाणारा रंग फास्ट, गाढ झोपलेला माणूस फास्ट. 'फासन' म्हणजे बांधणे, हाही त्याच कुळातला. म्हणजे जो शब्द मी आयुष्यभर धावताना पाहिला, तो मुळात जागचा न हलणारा निघाला.

मग हा धावायला कधी लागला? कोश सांगतो की घट्ट, म्हणजे जोर लावून. जोर लावून लढणे, जोर लावून धावणे. आणि असे वापरता वापरता एक दिवस जोर मागे पडला आणि नुसते धावणेच उरले. हे वाचून मला आधी खरे वाटेना. मग माझ्याच तोंडचा शब्द आठवला. आपण म्हणतो ना, 'गाडी जोरात गेली'? जोर म्हणजे ताकद. फारसीतून आपल्याकडे आला तो ताकद म्हणूनच. पण 'जोरात पळ' म्हणताना आपल्या मनात असतो वेग. इंग्रजांनी जे केले तेच आपण केले, कोणी कोणाचे न ऐकता!

सरांना हे सांगायला गेले तेव्हा ते खूश झाले. त्यांनी आणखी एक गंमत सांगितली. जर्मन भाषेत हाच शब्द याच उच्चाराचा आहे आणि त्याचा अर्थ 'जवळजवळ' असा आहे. घट्ट म्हणजे अगदी चिकटून, चिकटून म्हणजे जवळ, आणि त्यावरून जवळजवळ. मी म्हटले, सर, मग आम्हाला कित्येक वर्षे जर्मन फास्टच मिळाली. दिव्याला ती जवळजवळ थांबायची! या वेळी सर हसले आणि मी नाही लाजले.

घड्याळ फास्ट असते ते निराळेच. आमचे भिंतीवरचे घड्याळ बाबांनी दहा मिनिटे पुढे करून ठेवले आहे. घरातल्या सगळ्यांना ते ठाऊक आहे, तरीही सगळे त्याला रोज फसतात.

आणखी एक अर्थ मला कोशात शोधावा लागला नाही. आमच्या चाळीतल्या एक काकू माझ्याबद्दल आईला म्हणाल्या होत्या, "पोरगी कॉलेजात जाऊन फारच फास्ट झाली हो." इंग्रजीत फास्ट मित्र म्हणजे जिवाभावाचा, कधी न सोडणारा, आणि फास्ट मुलगी म्हणजे जिचा भरवसा नाही ती. शब्द एकच, पण मुलीला लावला की त्याचे वजन बदलते. काकूंना हे कळण्याचे कारण नाही. पण ज्या इंग्रजांनी हा अर्थ चालू केला, त्यांच्याही चाळीत अशा काकू असणारच.

खरा धक्का मात्र पुढेच होता. फास्ट म्हणजे उपवास हे शाळेत शिकले होते. दोन वेगळे शब्द योगायोगाने सारखे दिसतात, असे मी धरून चालले होते. पण नाही, तोही याच घरातला. धरून राहणे, पाळणे, नेम घट्ट ठेवणे, यावरून उपवास. सकाळचा ब्रेकफास्ट म्हणजे रात्रभराचा तो नेम मोडणे. कोश मिटला आणि आईचे बोलणे कानात वाजले. आई कधीही 'मी उपवास करते' असे म्हणत नाही. ती म्हणते, "मी सोमवार धरलेत." आपण संकष्टी धरतो, एकादशी धरतो, आणि मग उपवास सोडतो. इंग्रज तो मोडतो, आम्ही हलकेच सोडतो. पण हाताची मूठ तीच. चौथी शिकलेली माझी आई जे रोज बोलत होती, ते समजायला मला ठाण्याला येऊन एवढा जाड कोश उघडावा लागला.

९ जून २०२५ हा दिवस सोमवारच होता. सकाळी नऊच्या सुमारास मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकल एकमेकींच्या बाजूने गेल्या आणि दाराशी लोंबकळणारे प्रवासी रुळांवर पडले. काहींचे जीव गेले. बाबा कुर्ल्याला गोदामात काम करतात. साडेआठला घरातून निघतात, मिळेल ती फास्ट पकडतात आणि दारातच उभे राहतात, कारण आत शिरायला जागाच नसते. त्या दिवशी त्यांचा फोन लागेना. कामावर फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो हे आम्हाला माहीत होते. पण अशा वेळी माहीत असलेले काही आठवत नाही. चाळीतल्या चौघी-पाचजणी आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. सर्वांत आधी त्या काकू. आई भिंतीला टेकून बसली होती. रडत नव्हती. हातात फोन गच्च धरलेला.

सव्वा वाजता बाबांचा फोन आला. त्यांना बातमी जेवणाच्या सुट्टीत कळली. गाडी त्यांची पुढची होती. "मी खांब धरून उभा होतो," एवढेच बोलले.

आई एरवी दिवेलागण झाली की देवाला दिवा लावते आणि वरणभात खाऊन सोमवार सोडते. त्या दिवशी दिवा लावला, भात केला, आणि ताट झाकून ठेवले. मी म्हटले, "आई, बाबा सुखरूप आहेत, तू खाऊन घे." तिने नुसती मान हलवली. आठ वाजले, नऊ वाजले. भिंतीवरच्या घड्याळात दहाला पाच कमी असताना बाबा दारात आले, चपला काढल्या आणि नेहमीसारखे म्हणाले, "गर्दी होती."

आई उठली, दाराला कडी घातली, आणि दोन ताटे वाढली.