ऱ्हीससचं देणं

माझ्या वडिलांना झालेला मधुमेह मला माकडांनी समजावला. हे देणं मी आजवर कुठे मांडलेलं नाही.

रेवदंड्याला आमची नारळी-पोफळीची वाडी. वडील अंगाने सडपातळ, दिवसभर वाडीत राबणारे. पायाची जखम भरेना म्हणून रक्त तपासलं आणि साखर निघाली. घरात कुणाला पटेना. डॉक्टर म्हणाले, “हा आजार आज आलेला नाही. कितीतरी वर्षं अंगात असणार.” मी तेव्हा मुंबईत प्राणिशास्त्र शिकत होतो, तरी त्या वाक्याचा अर्थ मला लागला नाही. अंगात होता, तर दिसला का नाही?

उत्तर ग्रंथालयात मिळालं. आमच्या बाईंनी बार्बरा हॅन्सन आणि नोनी बॉडकिन या अमेरिकी संशोधिकांचा १९८६ सालचा निबंध वाचायला दिला होता. त्यांनी ऱ्हीसस माकडं वर्षानुवर्षं सांभाळली आणि त्यांचं वजन, इन्शुलिन, साखर पुन्हा पुन्हा मोजली. औषध टोचून त्यांना आजारी पाडलेलं नव्हतं. पोटभर खाणं समोर असलं की यातली काही माकडं मध्यम वयात आपोआप लठ्ठ होतात. मग रक्तातलं इन्शुलिन वाढू लागतं, साखर मात्र जागच्या जागी असते. स्वादुपिंड जास्तीचं काम उपसून तिला आवरून धरतं. हा काळ कित्येक वर्षांचा असतो. पुढे स्वादुपिंड थकतं, इन्शुलिन उतरतं, आणि साखर चढते ती त्यानंतर. डॉक्टर जे एका वाक्यात बोलले होते, ते मला तिथे पायरीपायरीने दिसलं. माणूस दवाखान्यात येतो तो बहुधा शेवटच्या पायरीवर. आधीच्या पायऱ्या या जनावरांनी दाखवल्या. मधुमेही माणसाच्या स्वादुपिंडात एक प्रथिन गोठून साचतं, तसंच ते ऱ्हीससच्याही साचतं. उंदराच्या प्रथिनाची घडण वेगळी, ते तसं साचत नाही. एवढी ही माकडं आपल्या जवळची.

किती जवळची, हे पुढे कळलं. अमेरिकेतल्या प्रयोगशाळांच्या निबंधांत ‘भारतीय वंशाची ऱ्हीसस’ असा उल्लेख वारंवार भेटायचा. आपल्या उत्तरेतल्या गावांतून, देवळांच्या आवारांतून पकडलेली माकडं अनेक वर्षं जहाजं-विमानांतून परदेशी जात होती. पोलिओच्या लशीच्या काळात तर एकेका वर्षात लाखाच्या घरात गेली. १९७८ मध्ये मोरारजी देसाईंच्या सरकारने ही निर्यात थांबवली. तोवर तिकडे त्यांची पैदास सुरू झाली होती. २००७ मध्ये ऱ्हीससचा जनुकसंच जाहीर झाला, तोही भारतीय वंशाच्या एका मादीचा. ते वाचल्यावर मी बराच वेळ पुढचं पान उलटलं नाही. वडिलांच्या आजाराचा उलगडा आपल्याच मुलखातून नेलेल्या जिवांच्या वंशजांनी करावा, याला ऋणानुबंधाखेरीज दुसरा शब्द मला सापडत नाही.

एक गाठ मात्र सुटत नव्हती. ती माकडं लठ्ठ होती, माझे वडील नव्हते. ती गाठ पुण्यात सुटली. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि त्यांची मुलं अभ्यासली. इथलं बाळ सरासरी २.७ किलोचं, इंग्लंडमधलं साडेतीन किलोचं. पण वजनाच्या मानाने इथल्या बाळाच्या अंगात चरबी जास्त. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिकांनी ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांच्याशेजारी उभं राहून काढलेला फोटो छापला. दोघांचा बीएमआय २२.३, चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. वडिलांची सडपातळ अंगकाठी मला तेव्हा कळली. ऱ्हीससने वाट दाखवली होती, तिच्यावर आपण कुठून चढतो ते या अभ्यासाने दाखवलं.

वडील तोवर गेले होते. मी तिशीतच स्वतःची तपासणी करून घेतली; साखर काठावर होती. विस्कॉन्सिनमध्ये १९८९ साली सुरू झालेल्या आणि पुढे ७६ माकडांवर चाललेल्या प्रयोगाचे २००९ मध्ये आलेले निष्कर्ष मला पाठ आहेत. पोटभर खाणाऱ्या गटात मधुमेह आणि त्याच्या आधीची अवस्था दिसली. सुमारे तीस टक्के कमी, पण पोषणाला पुरेसं खाणाऱ्या गटात साखरेचा बिघाड दिसलाच नाही. मी भात कमी केला, चालणं वाढवलं. आजवर गोळीची गरज पडलेली नाही.

त्या माकडांचं सगळं आयुष्य पिंजऱ्यात गेलं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. हे मला टोचतं, आणि टोचत राहावं असंही वाटतं. जे एकदा त्यांच्याकडून कळलं आहे, तेच पुन्हा काढण्यासाठी आणखी माकडं पिंजऱ्यात जाऊ नयेत, असं माझं ठाम मत आहे. घारापुरीला विद्यार्थ्यांना नेतो तेव्हा तिथल्या माकडांना वेफर्स किंवा थंड पेय देऊ देत नाही. ती ऱ्हीसस नव्हेत, बोनेट जातीची. पण फुकटच्या गोडाने नुकसान त्यांचंही होतं.

गावात शुगर तपासणीचं शिबिर असलं की मी तिशीतल्या बारीक पोरांनाही रांगेत उभं करतो. “याला कशाला? हा तर काडीसारखा आहे,” असं त्यांच्या आया म्हणतात. मग मी त्यांच्याजवळ बसतो आणि आधी माझ्या वडिलांची, नंतर ऱ्हीससची हकीकत सांगतो.